विश्लेषण : फ्रान्सची दोनदा राणी झाली, तरी आपले राज्य वेगळे ठेवण्यासाठी झगडली! कोण होती ब्रिटनीची अ‍ॅन?

फ्रान्सच्या वायव्य टोकाला समुद्रात घुसलेला ब्रिटनी हा प्रदेश (ब्रिटनशी गल्लत नको) पंधराव्या शतकात जवळपास स्वतंत्र होता. त्याचा स्वतःचा ड्यूक होता, स्वतःची नाणी होती, प्रतिनिधीसभा होती. फ्रान्सच्या राजांचा त्यावर डोळा होता. या राज्याचा कारभार खऱ्या अर्थाने स्वतः पाहणारी शेवटची डचेस म्हणजे अ‍ॅन.

अकराव्या वर्षी गादीवर

अ‍ॅनचा जन्म जानेवारी १४७७ मध्ये नांत शहरात झाला. वडील ड्यूक फ्रान्सिस दुसरे यांना मुलगा नव्हता. जुलै १४८८ मध्ये फ्रेंच सैन्याने त्यांचा पराभव केला आणि तहात एक जाचक अट घातली : फ्रान्सच्या राजाच्या संमतीशिवाय ड्यूकच्या मुलींची लग्ने होणार नाहीत. काही आठवड्यांतच ड्यूक वारले. अ‍ॅन तेव्हा अकरा वर्षांची होती.

तिच्याशी जो लग्न करील त्याच्या हाती ब्रिटनी जाणार, हे उघड होते. डिसेंबर १४९० मध्ये तिने ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी विवाह केला. तोही प्रतिनिधीमार्फत, नवरदेवाच्या गैरहजेरीत. फ्रान्सने हा तहाचा भंग मानला. राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने रेन शहराला वेढा घातला. मॅक्सिमिलियन मदतीला आलाच नाही. अखेर ६ डिसेंबर १४९१ रोजी चौदा वर्षांच्या अ‍ॅनने चार्ल्सशीच लग्न केले. गंमत म्हणजे चार्ल्सचे लग्न मॅक्सिमिलियनच्याच मुलीशी ठरलेले होते. करारातले कलम तर आणखी कठोर होते : राजा मुलाविना वारला, तर अ‍ॅनने त्याच्या वारसाशी विवाह करायचा.

दुसऱ्या लग्नात काय बदलले?

चार्ल्सने ब्रिटनीचा कारभार तिच्या हाती ठेवला नाही. चार मुले झाली, एकही जगले नाही. थोरला तीन वर्षांचा होऊन गेला. एप्रिल १४९८ मध्ये आंब्वाझच्या वाड्यात दाराच्या चौकटीवर डोके आपटून चार्ल्सचा मृत्यू झाला.

एकविशीतली ही विधवा शोक करत बसली नाही. तिने ब्रिटनीचे बंद पडलेले प्रशासन पुन्हा सुरू केले आणि स्वतःच्या नावाने सोन्याचे नाणे पाडले. नवा राजा बारावा लुई याला कराराप्रमाणे तिच्याशी लग्न करायचे होते, पण त्याची पहिली बायको हयात होती. पोपकडून तो विवाह रद्द करून घेईपर्यंत अ‍ॅनला वाटाघाटींसाठी वेळ मिळाला, आणि तो तिने पुरेपूर वापरला. जानेवारी १४९९ मधील लग्न तिच्याच नांतमध्ये झाले. ब्रिटनीचा कारभार तिच्याकडे राहिला आणि वारसा फ्रान्सच्या गादीच्या वारसाकडे न जाता दुसऱ्या अपत्याकडे जाईल, असे ठरले.

मुलीच्या लग्नावरून संघर्ष

तिच्या मुलींपैकी क्लॉद आणि रेने या दोघीच जगल्या. क्लॉदचे लग्न मॅक्सिमिलियनच्या नातवाशी व्हावे, म्हणजे ब्रिटनी फ्रान्सपासून दूर राहील, हा अ‍ॅनचा डाव होता. लुईने मात्र गादीचा वारस फ्रान्सिस याला पसंती दिली. १५०५ मध्ये अ‍ॅन दरबार सोडून ब्रिटनीला गेली आणि काही महिने तिथे फिरत राहिली. पुढच्याच वर्षी क्लॉदचा साखरपुडा फ्रान्सिसशी झाला.

९ जानेवारी १५१४ रोजी अ‍ॅन वारली, तेव्हा ती ३७ वर्षांचीही नव्हती. चारच महिन्यांनी क्लॉदचे लग्न लागले. धाकट्या रेनेचा हक्क बाजूला पडला आणि १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्समध्ये कायमची विलीन झाली. तरीही स्थानिक प्रतिनिधीसभेच्या संमतीशिवाय नवा कर लावायचा नाही, ही सवलत १७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंत कागदोपत्री टिकली.

अ‍ॅनचा देह पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसमध्ये फ्रान्सच्या राजांशेजारी पुरला गेला. हृदय मात्र सोन्याच्या डबीत घालून नांतला, आईवडिलांच्या थडग्यात ठेवण्यात आले. ती डबी एप्रिल २०१८ मध्ये नांतच्या संग्रहालयातून चोरीला गेली आणि काही दिवसांतच पोलिसांना परत सापडली. आतले हृदय राज्यक्रांतीच्या काळातच नाहीसे झाले होते.