नैनसिंह रावत

नैनसिंह रावत (जन्म : २१ ऑक्टोबर १८३०) हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय प्रवासी, सर्वेक्षक आणि शिक्षक होते. तिबेटमध्ये परकीयांना प्रवेश नसण्याच्या काळात त्यांनी वेषांतर करून, पायी, पावले मोजत हिमालयापलीकडचा फार मोठा प्रदेश पाहिला. ल्हासा शहराचे अक्षांश आणि उंची त्यांनी निश्चित केली, तसेच त्सांगपो नदीचा शेकडो मैलांचा प्रवाह नकाशावर आणला. सर्वेक्षण खात्याच्या अहवालांत त्यांचा उल्लेख अनेक वर्षे केवळ ‘पंडित’ असा होत असे. त्यांच्या धाडसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु या यशात धाडसाइतकाच वाटा पूर्वतयारीचा होता. ऋतू, खिंड, ओझे, सोबत, पैसा आणि परतीची वाट यांचा त्यांनी प्रत्येक वेळी आधी विचार केला, आणि बेत फसला तेव्हा तो बदलण्याचीही तयारी ठेवली.

जन्म आणि जोहारच्या व्यापारी वाटा

कुमाऊँच्या उत्तर टोकाला, गोरी गंगेच्या उगमाजवळ जोहार खोरे आहे. या खोऱ्यातील मिलम हे सुमारे ३,४०० मीटर उंचीवरचे गाव म्हणजे रावत घराण्याचे मूळ ठिकाण. नैनसिंहांच्या वडिलांचे नाव अमरसिंह. येथील शौका (इंग्रज कागदपत्रांतील ‘भोटिया’) लोकांचे जीवन तिबेटशी चालणाऱ्या व्यापारावर अवलंबून होते. धान्य, गूळ व कापड उत्तरेकडे जाई. मीठ, लोकर व टाकणखार दक्षिणेकडे येई. मालाची वाहतूक मुख्यतः शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर बांधलेल्या लहान लहान पिशव्यांतून होत असे.

उन्हाळ्यात बर्फ वितळून खिंडी उघडल्या की पलीकडे जायचे आणि हिवाळ्यापूर्वी खालच्या गावांत परतायचे, हे या समाजाचे वर्षाचे वेळापत्रक होते. कोणत्या पडावावर पाणी व चारा मिळतो, ओझ्याचे जनावर दिवसाला किती चालते, वारा कोणत्या प्रहरी सुटतो, हे तेथील मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. नैनसिंहांना तिबेटी भाषा याच वातावरणात अवगत झाली. घरची परिस्थिती मात्र हलाखीची होती.

१८५५ ते १८५७ या काळात हेरमान, आडोल्फ आणि रोबेर्ट या श्लागिंटवाइट बंधूंनी हिमालयात शास्त्रीय निरीक्षणे केली. या जर्मन संशोधकांच्या चमूत नैनसिंह सामील झाले. मानसरोवर, राक्षसताल आणि पुढे लडाखपर्यंतचा प्रदेश त्यांनी या निमित्ताने पाहिला आणि उपकरणे हाताळण्याची पहिली ओळखही त्यांना येथेच झाली. त्यानंतर १८५८ पासून ते मिलमच्या सरकारी शाळेत शिक्षक होते. ‘पंडित’ ही उपाधी त्यांना या मास्तरकीमुळे मिळाली. पुढे सर्वेक्षण खात्याच्या सर्वच गुप्त प्रवाशांना ‘पंडित’ म्हणू लागले. एका खेड्यातील शाळामास्तराच्या पदवीवरून भूगोलाच्या इतिहासातील एका संपूर्ण परंपरेचे नाव पडावे, ही गोष्ट शिक्षकी पेशाला भूषणावह आहे.

डेहराडूनचे प्रशिक्षण

त्रिकोणमितीय महासर्वेक्षणातील अधिकारी थॉमस जॉर्ज माँटगोमेरी यांना हिमालयापलीकडचा नकाशा कोरा राहिल्याची खंत होती. तेथे युरोपीय माणूस गेला तर तो ओळखला जाणार आणि मारलाही जाण्याचा संभव. म्हणून सीमेवरील लोकांनाच प्रशिक्षण देऊन पाठवावे, अशी योजना त्यांनी मांडली. कुमाऊँमधील शिक्षण खात्याचे अधिकारी मेजर स्मिथ यांच्या शिफारशीवरून १८६३ साली नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह यांची निवड झाली.

डेहराडून येथे त्यांना जे शिकवले गेले त्याचा पाया होता चाल. चढ असो, उतार असो वा सपाटी, पाऊल एकाच मापाचे पडले पाहिजे आणि साधारण २,००० पावलांत एक मैल भरला पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेण्यात आला. मोजणीसाठी जपमाळ होती. नेहमीच्या माळेत १०८ मणी असतात. या माळेत १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की १०,००० पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. आठ मणी कमी आहेत हे सहज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नसे.

बौद्ध यात्रेकरूंच्या हातातील प्रार्थनाचक्रात मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते. नैनसिंहांच्या चक्रात नोंदींचे कागद होते. वाटेत कोणी जवळ येऊ लागले की ते चक्र फिरवत जपात मग्न झाल्याचे दाखवीत, आणि श्रद्धाळू माणूस त्यांना मध्येच बोलते करीत नसे. त्यामुळे मोजणी चुकत नसे. पेटीला खोटा तळ करून त्यात सेक्स्टंट हे कोनमापक ठेवले होते. पारा कवड्यांत भरून वर मेण लावलेले असे. डोंगराळ भागात क्षितिजरेषा दिसत नाही. तेथे हा पारा भांड्यात ओतून त्यात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहायचे, तारा व प्रतिबिंब यांतील कोन मोजायचा आणि त्याची निमपट घ्यायची. हीच त्या ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची आणि तिच्यावरून अक्षांश निघतो.

स्थळाची उंची काढण्याची रीत तर चहाच्या आधणाइतकी साधी होती. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश सेल्सियसचा फरक पडतो. उकळत्या पाण्यात तापमापक धरणाऱ्या यात्रेकरूचा कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते.

ल्हासाचा पहिला प्रवास (१८६५–१८६६)

दोघे भाऊ जानेवारी १८६५ मध्ये डेहराडूनहून निघाले. कुमाऊँच्या ओळखीच्या खिंडींऐवजी त्यांनी नेपाळची वाट धरली आणि मार्चमध्ये ते काठमांडूला पोहोचले. तेथून क्यिरोंगमार्गे तिबेटात शिरण्याचा त्यांचा बेत होता. सीमेवर सामानाची झडती झाली. उपकरणे सापडली नाहीत, परंतु प्रवेशही मिळाला नाही, आणि दोघांना काठमांडूला परतावे लागले.

या अपयशानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. क्यिरोंगचा अधिकारी मणिसिंहांना ओळखत असल्याने त्यांनी पुन्हा तेथे जाणे धोक्याचे होते. नैनसिंहांनी लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेतला, केसांची वेणी लावली आणि एका तिबेटी व्यापाऱ्याच्या सोबतीने निघण्याचे ठरवले. या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून पैसे उसने घेतले आणि सोबत देण्याचे टाळले. तरीही ते पुढे गेले. ल्हासाला जाणार नाही, गेल्यास प्राणाला मुकेन, असे वचन दिल्यावरच त्यांना वाट मोकळी झाली. सप्टेंबर १८६५ मध्ये ते त्सांगपोच्या खोऱ्यातील त्रादोम येथे पोहोचले.

येथे त्यांनी जे केले त्यात त्यांची धोरणी बुद्धी दिसते. एकटा प्रवासी लुटारूंच्या तावडीत सापडतो आणि चौकीवर त्याची विचारपूसही अधिक होते. म्हणून आजारपणाचे निमित्त करून ते मागे राहिले आणि ल्हासाकडे जाणाऱ्या लडाखी काफिल्याची वाट पाहिली. काफिल्यात मिसळल्यावर अन्न, निवारा आणि ओळख हे तिन्ही प्रश्न एकदमच सुटले. २९ ऑक्टोबरला ते शिगात्सेला पोहोचले आणि काफिला थांबला म्हणून जवळजवळ दोन महिने तेथेच राहिले. ताशिल्हुन्पो मठात त्यांना इतर यात्रेकरूंसोबत बालवयातील पंचेन लामांसमोर जावे लागले. लामा मनातले ओळखतात असा लोकसमज होता आणि नैनसिंहांच्या मनात तर लपवण्यासारखे पुष्कळ होते. प्रत्यक्षात काहीच घडले नाही.

१० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासात आले. बरोबरचे पैसे संपत आले होते, तेव्हा व्यापाऱ्यांना हिशेब ठेवण्याची पद्धत शिकवून त्यांनी निर्वाह केला. मास्तरकी येथेही उपयोगी पडली. रात्री ताऱ्यांची निरीक्षणे आणि आधणाची मोजमापे चालू होती. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे खरे स्वरूप ओळखले, पण गुपित फोडले नाही, उलट पैसे उसने दिले. परवानगीवाचून शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. त्यातच एके दिवशी क्यिरोंगचा तोच अधिकारी ल्हासाच्या रस्त्यावर दिसला, ज्याच्या हद्दीत त्यांनी प्राणाची शपथ वाहिली होती. त्यांनी मुक्काम बदलला आणि बाहेर पडणे जवळजवळ बंद केले.

२१ एप्रिल १८६६ रोजी ते लडाखी काफिल्याबरोबरच परत फिरले. जूनच्या मध्याला मानसरोवराजवळ आले आणि खिंडी उघडल्यावर कुमाऊँत उतरले. ऑक्टोबरच्या अखेरीस ते डेहराडूनला पोहोचले तेव्हा सुमारे १,२०० मैलांची, म्हणजे २५ लाख पावलांच्या आसपासची मोजणी त्यांच्याजवळ होती. तीसएक ठिकाणांचे अक्षांश व तितक्याच ठिकाणांची उंची त्यांनी काढली होती. त्सांगपोचा सुमारे ६०० मैलांचा प्रवाह प्रथमच प्रत्यक्ष मोजणीने नकाशावर आला. त्यांनी काढलेले ल्हासाचे अक्षांश आजच्या मोजणीच्या अगदी निकट आहेत.

ठोक जालुंग (१८६७)

दुसऱ्या मोहिमेत नैनसिंहांसोबत मणिसिंह व कल्याणसिंह होते. बद्रीनाथच्या वरच्या माणा खिंडीतून ते पश्चिम तिबेटात गेले आणि ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींना त्यांनी भेट दिली. हे ठिकाण १६,००० फुटांहून उंच आहे. वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून तेथील खाणकामगार खड्ड्यांत तंबू ठोकीत. कामगारांची संख्या उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक असे, कारण थंडीत माती गोठून घट्ट होते आणि खाणीच्या कडा ढासळत नाहीत.

लेह ते उदालगुडी (१८७४–१८७५)

१८७३ साली फोर्सिथ यांच्या यारकंद मोहिमेत भाग घेतल्यानंतर नैनसिंहांनी आपला अखेरचा आणि सर्वांत मोठा प्रवास आखला. लेहहून चांगथांगचे निर्जन पठार ओलांडून उत्तरेच्या अपरिचित मार्गाने ल्हासा, आणि तेथून जमल्यास पेकिंगकडे जायचे, न जमल्यास ब्रह्मपुत्रेच्या बाजूने भारतात उतरायचे, असा तो बेत होता. दुसरा पर्याय आधीच ठरलेला होता हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ओझ्यासाठी त्यांनी २६ मेंढ्या घेतल्या. जोहारच्या माणसाला हे नैसर्गिक वाटले असेल. घोड्याला दाणा वाहून न्यावा लागतो. मेंढी वाटेतल्या खुरट्या गवतावर जगते, वीस-पंचवीस पौंड ओझे नेते आणि अडचणीच्या वेळी खाताही येते. १५ जुलै १८७४ रोजी ते लेहहून निघाले. निघताना यारकंदला जात असल्याची बातमी त्यांनी पसरू दिली आणि वस्ती मागे पडल्यावर लामाचा वेष धारण केला. पांगोंग सरोवराच्या काठाने पूर्वेकडे जात, वाटेत अनेक सरोवरांची नोंद करीत, ते टेंगरी नोर म्हणजे नामत्सोपर्यंत आले आणि १८ नोव्हेंबरला ल्हासात पोहोचले. निघालेल्या मेंढ्यांपैकी शेवटपर्यंत थोड्याच टिकल्या, मात्र त्यांनी हजार मैलांहून अधिक अंतर ओझे वाहिले होते.

ल्हासात ओळखीचा एक लेहचा व्यापारी आढळला. नैनसिंहांनी तत्काळ निर्णय घेतला. तोवरच्या सर्व नोंदी त्यांनी दोन साथीदारांच्या हाती लेहला रवाना केल्या आणि स्वतः दोन दिवसांत शहर सोडले. ते स्वतः पकडले गेले असते तरी चार महिन्यांचे काम वाचले असते. पेकिंगचा विचार सोडून ते दक्षिणेकडे वळले. त्सांगपो ओलांडून तवांगला आल्यावर तेथे त्यांना दोन महिन्यांच्या आसपास अडकवून ठेवण्यात आले. १ मार्च १८७५ रोजी ते आसामातील उदालगुडीला उतरले. लेहपासून हे अंतर सुमारे १,४०० मैल भरले. या प्रवासाचा अहवाल कॅप्टन हेन्री ट्रॉटर यांनी तयार केला.

सन्मान, लेखन आणि मूल्यमापन

लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८६८ साली त्यांना सोन्याचे घड्याळ आणि १८७७ साली आपले सुवर्णपदक दिले. ब्रिटिश सरकारने त्यांना सी. आय. ई. हा किताब आणि रोहिलखंडात जहागीर दिली. सततच्या उंचावरील प्रवासांनी प्रकृती व दृष्टी खालावली होती. त्यामुळे त्यानंतर त्यांनी नव्या सर्वेक्षकांना शिकवण्याचे काम केले. पुढे स्वतंत्र कीर्ती मिळवणारे किशनसिंह हे त्यांचेच चुलतभाऊ. नैनसिंहांच्या मृत्यूचे साल अनेक ग्रंथांत १८८२ दिलेले आढळते, तर अलीकडच्या संशोधनात १८९५ हे साल मांडलेले आहे.

त्यांनी हिंदीत ‘अक्षांश दर्पण’ (१८७१) हे पुस्तक लिहिले. अक्षांश काढण्याचे शास्त्र आपल्या लोकांना आपल्या भाषेत कळावे, ही शिक्षकाची दृष्टी त्यामागे दिसते. उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी ‘एशिया की पीठ पर’ या ग्रंथात त्यांचे चरित्र व लेखन एकत्र आणले आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ साली त्यांच्यावर तिकीट काढले.

या कार्याची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. नैनसिंहांची पावले ज्ञानासाठी पडली तशीच ती साम्राज्यासाठीही पडली. तिबेटी अधिकाऱ्यांचा परक्यांविषयीचा संशय निराधार नव्हता. १९०४ साली यंगहजबंड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौज ल्हासात शिरलीच. ज्या गावाला तिबेट परके नव्हते तेथील माणसाला तिबेटात चोरून जावे लागले, हा त्यांच्या आयुष्यातील खरा पेच होता. त्यांच्या मनात याविषयी काय होते, हे खात्याच्या अहवालांतून उमगत नाही, कारण त्यांत पंडिताची मोजमापे आहेत, पंडित क्वचितच आहे.

१९६२ च्या युद्धानंतर तिबेटशी चालणारा व्यापार थांबला आणि मिलम जवळजवळ ओस पडले. मुन्सियारीकडून गोरी गंगेच्या काठाने मिलम हिमनदीपर्यंत जाणारी अनेक दिवसांची पदयात्रा आज गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहे. या वाटेवर पडक्या दगडी घरांच्या रांगा लागतात. काही कुटुंबे अजूनही उन्हाळ्यात शेतीसाठी तेथे येतात आणि बर्फ पडण्यापूर्वी खाली उतरतात.