म्हाइंभटांचे शरण जाणे

शरण या संस्कृत शब्दाचा अर्थ घर, आश्रय, रक्षण. मराठीत मात्र शस्त्र खाली ठेवणाऱ्या पराभूतासही तोच शब्द लाविला जातो. १३ व्या शतकातील म्हाइंभटांच्या चरित्रात हे दोन्ही अर्थ आले, परंतु एकाच वेळी नव्हे.

सराळ्याचे हे शास्त्रज्ञ ब्राह्मण विद्येचा अभिमान घेऊन डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करण्यास आले, आणि निरुत्तर झाले. वादात हरलेला पुरुष शरण आला असे लोक सहज म्हणतात. ते अपुरे आहे. बुद्धी नमली तरी घर सुटतेच असे नाही. म्हाइंभटांचे अनुसरण पुढे घडले.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांनी लीळा जमविण्याचे कार्य अंगावर घेतले. ज्याला बोलून जिंकावयाची सवय, त्याने आता ऐकावयाचे होते. ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना त्यांनी गाठले, विचारले. आचार्य श्रीनागदेवांच्या स्मरणाचा आधार घेतला. पंडित असूनही संस्कृताचा मोह धरिला नाही. एकाक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा लीळाचरित्रात गावे आहेत, भक्तजन आहेत, स्वामींचे चालणे-बोलणे आहे. म्हाइंभटांचे पांडित्य त्यात शोधू गेल्यास हाती लागत नाही.