थिओडोर बोव्हेरी आणि पेशीतला ठिपका

कांद्याच्या मुळाचे टोक काचपट्टीवर दाबून पेशीविभाजन पाहताना मी पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे दोन टोकांचे सेंट्रोसोम बराच वेळ शोधीत होतो. ते सापडणारच नव्हते. सेंट्रोसोम असतो प्राण्यांच्या पेशीत, कांद्याच्या नव्हे! या फजितीतून मी त्याला नाव देणाऱ्या थिओडोर बोव्हेरी यांच्या चरित्राकडे वळलो.

त्यांचा जन्म १८६२ साली जर्मनीतील बांबेर्ग येथे झाला. विजेच्या यंत्रांमुळे आपल्याकडेही माहीत असलेल्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीचे एक संस्थापक वाल्टर हे त्यांचे धाकटे बंधू. थिओडोर म्युनिकला गेले इतिहास-तत्त्वज्ञान शिकायला आणि रमले सूक्ष्मदर्शकात. त्यांनी घोड्याच्या आतड्यातील जंताची अंडी निवडली, कारण त्यांत गुणसूत्रे अवघी दोन किंवा चार. विभाजनापूर्वी एक ठिपका दुभंगून दोन टोकांना जातो, तेथून तंतू पसरतात आणि गुणसूत्रांची वाटणी होते. बेल्जियमचे व्हान बेनेडेन यांनाही तो दिसला होता; सेंट्रोसोम हे नाव मात्र १८८८ मध्ये बोव्हेरींनी दिले.

१८९३ पासून ते व्युर्झबुर्गला प्राध्यापक होते. तेथे संशोधनासाठी आलेल्या अमेरिकन प्राध्यापिका मार्सेला ओग्रेडी यांच्याशी १८९७ मध्ये त्यांचा विवाह झाला. सी-अर्चिनच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्राणू शिरले की चार टोके तयार होतात, गुणसूत्रे वेडीवाकडी वाटली जातात आणि गर्भ बहुधा मरतो. प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे, हे त्यांनी यावरून १९०२ मध्ये दाखविले. मला तरी हा प्रयोग त्यांच्या साऱ्या कामात श्रेष्ठ वाटतो. अशाच चुकलेल्या वाटणीतून कर्करोग उद्भवत असावा, असा तर्क त्यांनी १९१४ च्या पुस्तकात मांडला.

ते तंतू ट्यूबुलिन या प्रथिनाचे असतात, हे पुढे कळले. १९८९ मध्ये गॅमा-ट्यूबुलिन सापडले. ते इतर प्रथिनांसह सेंट्रोसोमभोवती कड्या रचते. कडीवर ट्यूबुलिनचे रेणू बसत जाऊन सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची नळी वाढते. गॅमा-ट्यूबुलिन कांद्यातही असते, म्हणून त्याचे ठिपक्यावाचून अडत नाही.

बर्लिनच्या नव्या संस्थेचे संचालकपद बोव्हेरींना देऊ केले होते. प्रकृतीमुळे त्यांनी ते नाकारले. १९१५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ५३ व्या वर्षी, ऐन महायुद्धात ते वारले. कर्करोगावरील त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये निघाला. तो मार्सेलाबाईंनी केला होता.