श्रमिकांचे शाहीर अण्णाभाऊ साठे

तमाशाचा फड बायकांनी पाहावयाचा नाही, अशी आपल्याकडील खेड्यांतून पूर्वीची रीत होती. म्हातोबाच्या यात्रेत बगाड पाहावे आणि दिवेलागणीला घर गाठावे! त्याच तमाशाला ज्यांनी नवे रूप दिले, त्या शाहिरांची ही अल्प ओळख.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. आईचे नाव वालुबाई. शाळा जेमतेम दीड दिवसाची. बालवयातच वडिलांबरोबर ते पायी मुंबईस आले. हमाली, फेरी, गिरणी, पडेल ते काम केले. आणि दुकानांच्या पाट्या व सिनेमाच्या जाहिराती वाचीत अक्षरे गिरवली.

मुंबईतील कामगार चळवळीत त्यांना कार्ल मार्क्स या जर्मन तत्त्वज्ञाचे विचार भेटले. मार्क्सने (१८१८–१८८३) कलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. परंतु माणसे पोट कसे भरतात आणि कोणाच्या मालकीच्या साधनांवर राबतात, त्यावरच कायदा, विचार व कला यांची घडण होते, असे त्याचे प्रतिपादन होते. कलेची देणगी मोजक्यांच्या ठायी फुलते व बहुजनांत दडपली जाते, याचे कारण तो श्रमाच्या विभागणीत पाहत असे. तरीही ग्रीकांचा प्राचीन समाज लयास गेला असता त्यांची काव्ये आपणांस का रिझवतात, हे कोडे त्यालाही पडलेच होते. दळताना ओवी रचणाऱ्या आपल्या आजीला यातील अर्धे तरी ठाऊक असावे, असे मला वाटते.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह अण्णाभाऊंनी लाल बावटा कलापथक उभारले. जुन्या तमाशात आरंभी गणेशाला वंदन असे. त्यांनी तेथे मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन आणले. गवळण तर त्यांनी गाळूनच टाकली. बाजारच्या वाटेवर अडविल्या जाणाऱ्या बायकांची थट्टा हा करमणुकीचा विषय त्यांना मान्य नव्हता. पोथीतला सिद्धान्त बोलणारे पुष्कळ. रंगमंचावरील चालत्या प्रथेला हात घालणारे थोडे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीने घरोघर ठाव घेतला.

मार्क्सच्या लेखनात वर्ग होता. अण्णाभाऊंनी जात भोगली होती. म्हणूनच १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. त्याआधी १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले होते. ‘वैजयंता’ मध्ये त्यांनी तमाशात नाचणाऱ्या कलावतीला नायिका केले. प्रतिष्ठित कथांमध्ये अशा स्त्रीला एरवी दाराबाहेरच उभे केले जाई. तिचे दुःख त्यांनी लिहिले, परंतु तिला केविलवाणी केले नाही, हे मला विशेष वाटते.

१९६१ साली ते रशियास जाऊन आले व त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले. परंतु दारिद्र्य काही हटले नाही. घाटकोपरच्या चिराग नगरातील झोपडीत त्यांनी अनेक वर्षे लेखन केले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठली नसता, त्यांचे निधन झाले.