चार फेऱ्यांचे कवी : गुरु रामदास

रामदास हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे समर्थ उभे राहतात. मात्र समर्थांच्या जन्मापूर्वी सुमारे पाऊणशे वर्षे, २४ सप्टेंबर १५३४ रोजी, लाहोरच्या चुना मंडीत आणखी एक रामदास जन्मले. शिखांचे हे चौथे गुरू. आजही प्रत्येक शीख विवाह त्यांच्याच शब्दांनी पूर्ण होतो.

त्यांचे मूळ नाव जेठा. वयाच्या सातव्या वर्षीच ते पोरके झाले. आजीने त्यांना बासरके गावी नेले. तेथे हा मुलगा हरभऱ्याच्या घुगऱ्या विकून पोट भरू लागला. पुढे गोइंदवालला तिसरे गुरू अमरदास यांच्या सेवेत तो रमला. गुरूंनी कुळ वा संपत्ती न पाहता आपली कन्या बीबी भानी हिचा विवाह जेठाशी लावून दिला. जावई झाल्यावरही जेठांनी पाटीभर माती वाहण्याची सेवा सोडली नाही. परंपरा सांगते, की गुरूंनी चौथरा वारंवार मोडून पुन्हा बांधायला सांगितला, तरी जेठांनी कुरकुर केली नाही. १५७४ मध्ये गुरुपद त्यांच्याकडे आले. त्यांनी वसवलेले रामदासपूर म्हणजेच आजचे अमृतसर.

त्यांनी सूही रागात रचलेली चार पदे लावां म्हणून ओळखली जातात. पहिल्या पदात कर्तव्य आणि धर्माचरण यांचा स्वीकार आहे. दुसऱ्यात सद्गुरूची भेट होऊन भय आणि अहंकार गळून पडतात. तिसऱ्यात वैराग्य व ईश्वराची ओढ जागते. चौथ्यात मन सहजावस्थेत स्थिरावते आणि मीलन घडते. या पदांतील वर परमात्मा असून वधू म्हणजे जीवात्मा आहे. त्यामुळे ग्रंथापुढे नवरा आणि नवरी दोघेही वधूच ठरतात. कोणी कोणाचा स्वामी उरत नाही. वधूचा पिता वराच्या उपरण्याचे टोक तिच्या हाती देतो, तो पल्ल्याचा विधीही या सहप्रवासाचीच खूण होय.

१ सप्टेंबर १५८१ रोजी गुरू रामदास निवर्तले. त्यांचे पुत्र गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला आणि ही पदे त्यात समाविष्ट झाली. १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. एकोणिसाव्या शतकात बाबा दयाल आदी सुधारकांनी अग्नीऐवजी ग्रंथाच्या साक्षीने विवाह करण्याचा आग्रह धरला. १९०९ च्या आनंद विवाह कायद्याने या पद्धतीला मान्यता मिळाली, तर २०१२ च्या दुरुस्तीने नोंदणीची तरतूद झाली.

लग्न म्हणजे थाटमाट, मानपान आणि देणेघेणे असे समीकरण रूढ झालेले असताना या चार पदांचा अर्थ वधू-वरांनी एकदा तरी समजून घ्यावा. घुगऱ्या विकणाऱ्या त्या पोरक्या मुलाजवळ हुंडा, वरदक्षिणा यांपैकी काहीही नव्हते. तरीही त्याने मागे ठेवलेला आहेर साडेचारशे वर्षांनंतरही प्रत्येक शीख नवदांपत्याला मिळतो आहे.