मेंदूचा झरा, पाठीतला पाट

हिजरी ४२८ चा रमजान, म्हणजे इसवी सन १०३७ चा जून महिना. इराणमधल्या हमदान शहरात एक विख्यात हकीम अंथरुणाला खिळले होते. आयुष्यभर इतरांची नाडी पाहिलेल्या या माणसाने आपले शरीर आता सावरणार नाही हे ओळखले आणि स्वतःवरचे उपचार थांबवले. त्याच रमजानमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. सत्तावन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. हे होते अबू अली इब्न सीना. युरोप त्यांना अविसेन्ना म्हणतो.

त्यांचा जन्म ९८० साली बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात झाला. दहाव्या वर्षी कुरआन तोंडपाठ झाले. मग वडिलांनी मुलाला हिशेब शिकायला एका भाजीविक्याकडे पाठवले, कारण त्याला हिंदी, म्हणजे आपल्या भारतातून गेलेली अंकगणिताची पद्धत येत होती. अ‍ॅरिस्टॉटलचा अध्यात्मशास्त्रावरचा ग्रंथ या मुलाने चाळीस वेळा वाचला, तरी तो उमगेना. पुस्तकांच्या बाजारात तीन दिरहमला अल फाराबी यांचे छोटे विवेचन मिळाले आणि कोडे सुटले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गरिबांना सदका वाटला. वैद्यक त्यांना त्या मानाने सोपे वाटले. ऐन तारुण्यात त्यांनी बुखाऱ्याच्या सुलतानावर उपचार केले आणि शाही ग्रंथालयाचे दार त्यांच्यासाठी उघडले.

पुढे वडील गेले, राज्य कोसळले आणि भटकंती सुरू झाली. गुरगंज, गुरगान, रय, हमदान, इस्फहान. हमदानला ते वजीर झाले. तेव्हा सैन्याने बंड करून त्यांचे घर लुटले आणि ते चाळीस दिवस एका परिचिताच्या घरी लपून राहिले. नंतर एका किल्ल्यात चार महिने कैदेत काढले. शेवटी सूफी फकिराच्या वेषात इस्फहान गाठले. या धावपळीतच ‘अल कानून फित तिब’ हा पाच भागांचा वैद्यकग्रंथ आकाराला आला. दिवसा दरबार आणि रात्री दिव्याच्या उजेडात शिष्यांसोबत वाचन-लेखन, असा त्यांचा क्रम होता.

या ग्रंथात पाठीच्या कण्यावर आणि मज्जारज्जूवर सविस्तर प्रकरणे आहेत. इब्न सीना यांनी प्रश्न साधाच घेतला. मज्जातंतूंचे मूळ मेंदूत आहे, तर ते सगळे थेट मेंदूतूनच हातापायांपर्यंत का जात नाहीत? त्यांचे उत्तर असे की, तसे असते तर डोके अवाढव्य लागले असते, आणि इतका लांबचा प्रवास करणारा नाजूक तंतू वाटेतच तुटला असता. म्हणून निर्मात्याने मेंदूचाच एक भाग पाठीतून खाली सोडला, झऱ्यातून पाट निघावा तसा. त्या पाटातून जागोजागी दोन्ही बाजूंना शाखा फुटतात. मणके हे त्या पाटाचे चिरेबंदी काठ. शिवाय गलबत बांधताना आधी तळाचे लाकूड ठेवतात, तसा सगळ्या सांगाड्याचा आधार म्हणजे कणा.

शाखांची त्यांनी दिलेली मोजणी आजही चकित करते. मानेत आठ जोड्या, छातीच्या भागात बारा, कमरेत पाच, त्रिकास्थीत तीन, माकडहाडाशी तीन, आणि शेवटी एक एकटा तंतू. आजचे शरीरशास्त्र त्रिकास्थीत पाच आणि माकडहाडाशी एक जोडी धरते. एकूण बेरीज मात्र तीच, ३१ जोड्या. यातले बरेचसे ज्ञान ग्रीक वैद्य गॅलन यांच्याकडून आलेले. त्यांनी प्राण्यांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या उंचीवर कापून, त्याखालचे कोणते अवयव लुळे पडतात ते पाहिले होते. इब्न सीना यांनी हा वारसा नाकारला नाही, लपवलाही नाही. त्याला तर्काची शिस्त लावली.

या मांडणीचा उपयोग रोग्याच्या खाटेपाशी होता. गॅलन यांच्याकडे एक रुग्ण आला होता. त्याची बोटे बधिर झाली होती आणि इतर वैद्य बोटांनाच लेप लावत बसले होते. गॅलन यांनी चौकशी केली, तेव्हा तो गाडीतून पडून पाठीच्या वरच्या भागाला मार लागल्याचे कळले. उपचार तिथे केला आणि बोटे सुधारली. इब्न सीना यांच्या वैद्यकातही हाच धडा आहे: शेवटचे वावर कोरडे पडले तर आधी पाट कुठे फुटला ते पाहा.

काही गोष्टी काळाने दुरुस्त केल्या. मज्जातंतूंतून एक सूक्ष्म चैतन्यवायू वाहतो, असे तेव्हा मानत. आज आपण विद्युत आणि रासायनिक संदेशांबद्दल बोलतो. प्रत्येक मज्जातंतूच्या मागच्या मुळातून संवेदना आत येतात आणि पुढच्या मुळातून हालचालीचे हुकूम बाहेर जातात, हे एकोणिसाव्या शतकात बेल आणि माझांडी यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले. मज्जारज्जू करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच तो संपतो. खाली उरतो तो घोड्याच्या शेपटीसारखा तंतूंचा झुबका. गरम तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तो हुकूम मज्जारज्जूच देतो. मेंदूला वेदना कळते ती त्यानंतर.

बाराव्या शतकात तोलेदो शहरात ‘कानून’चा लॅटिन अनुवाद झाला आणि तो पुढची कित्येक शतके युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला. आपल्याकडच्या युनानी वैद्यकाचाही तो आधारग्रंथ आहे.

इब्न सीना यांनी स्वतःच्या शरीराची मात्र हयगय केली. शिष्य जुझजानी यांनी गुरूच्या बेसुमार जागरणांची आणि सुखासक्तीची नोंद आडपडदा न ठेवता केली आहे. पोटशूळ उठला, तेव्हा लवकर बरे होण्याच्या घाईत त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतड्याला जखमा झाल्या. अखेरच्या दिवसांत त्यांनी गुलामांना मुक्त केले, संपत्ती गरिबांत वाटली आणि कुरआनचे पठण चालू ठेवले, असे चरित्रकार सांगतात. हमदानमध्ये त्यांची कबर आहे.

आज झाडावरून किंवा दुचाकीवरून पडलेला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा डॉक्टर त्याला पायाचा अंगठा हलवायला सांगतात, टाचणी टोचून कुठपर्यंत कळते ते विचारतात. त्या उत्तरावरून, पाठीला हात न लावता, कोणत्या मणक्याशी मार बसला आहे याचा अंदाज येतो. हजार वर्षांपूर्वी दिव्याच्या उजेडात मोजून ठेवलेल्या जोड्यांचा हिशेब तिथे अजून कामी येतो.