तारेची सीमा मोजणारे ऑनेस

मिरज-सांगलीत किंवा साताऱ्यात एमआरआयसाठी आडव्या झालेल्या रुग्णाभोवतीचा चुंबक बहुधा नायोबियम-टायटॅनियमच्या तारेच्या वेटोळ्यांचा असतो. द्रवरूप हेलियमने गार ठेवलेल्या या तारेत विजेला रोध उरत नाही. पण तिच्यात हवी तेवढी वीज खेळवता येत नाही. सीमा ओलांडली की अतिवाहकता क्षणात जाते, तार तापते, महागडे हेलियम उकळून उडून जाते आणि यंत्र बंद पडते. या सीमेला क्रांतिक प्रवाह म्हणतात. ती सीमा प्रथम दिसली हाइके कामरलिंग ऑनेस यांना.

ऑनेस यांचा जन्म १८५३ चा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा. घरचा विटांचा कारखाना होता. प्रकृती जन्मभर नाजूक. १८८२ मध्ये ते लायडनला प्राध्यापक झाले आणि पहिल्याच व्याख्यानात, मोजत गेल्यानेच ज्ञान हाती येते, ही आपली भूमिका त्यांनी मांडली. त्यांची प्रयोगशाळा होती ती जागा १८०७ मध्ये दारूने भरलेले जहाज फुटून उद्ध्वस्त झालेली. दाबाखालच्या वायूंची गावाला धास्ती वाटली आणि १८९५ पासून सुमारे तीन वर्षे अतिशीत प्रयोग थांबले. पुढे त्यांनी उपकरणे बनवणाऱ्या मुलांसाठी शाळाच काढली. काचकाम, पंप, झडपा सगळे तिथेच घडे. १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप झाले ते या कारागिरांच्या हातांमुळेही.

१९११ मध्ये पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनजवळ एकाएकी नाहीसा झाला. रोधाची ती मोजणी गिलेस होल्स्ट यांनी केली होती, पण शोधनिबंधावर नाव एकट्या ऑनेस यांचे. हे खटकतेच. १९१३ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी त्यांना दिसले की पाऱ्याच्या धाग्यातून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वीज सोडली की रोध परत येतो आणि तापमान जितके खाली, तितकी ही मर्यादा वर. शिशाच्या तारेचा प्रबळ चुंबक बनवायचे त्यांचे स्वप्न त्यामुळे अडले. बेताच्या चुंबकीय क्षेत्रातही शिशाची अतिवाहकता जाई. १९२६ मध्ये ते वारले. कामाचे अतिवाहक चुंबक आले १९६० च्या दशकात.

तेव्हा नवाच पेच उभा राहिला. एकाच रिळाची तार दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे आकडे देऊ लागली. कारण ही सीमा काठासारखी धारदार नसते, रोध हळूहळू डोके वर काढतो. एका सेंटिमीटरमागे एक मायक्रोव्होल्ट दाब दिसला की सीमा मानायची, की त्याच्या दहाव्या हिश्शाला? नायोबियम-टिनची तार तर ठिसूळ. धरणाऱ्या साच्याचा ताण बसला तरी आकडा हलतो. शिवाय हेलियमचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर ठरतो. सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचावर आहे. तिथे उघड्या भांड्यातले हेलियम समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ०.१५ केल्विन खाली उकळेल आणि तीच तार काही टक्के जास्त वीज पेलते असे दिसेल.

म्हणून अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी एकाच तारेचे तुकडे वाटून घेऊन ते मोजले आणि आकडे पडताळले. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे मानक १९९८ मध्ये निघाले. आता क्रांतिक प्रवाहाच्या आकड्याशेजारी तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि वापरलेला निकष लिहावा लागतो.